तांबड्या काचेची प्रत

"याचा रंग कोठं गेला जी?"

प्रश्न माझ्या पाठीमागून आला. जून १९८३ मधील तिसऱ्या आठवड्यातली दुपार होती. चंद्रपुरातील एका शाळेच्या सभागृहात वन्यप्राण्यांची छत्तीस छायाचित्रे टांगलेली होती आणि बाहेरच्या उकाड्यामुळे ती पाहायला कोणी फिरकत नव्हते. मी एका चौकटीची दोरी सरळ करीत होतो. वळून पाहिले तेव्हा साठीच्या आसपासचा एक माणूस वाघिणीच्या छायाचित्रासमोर उभा होता. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर पंचा आणि हातात घडी घालून घालून मऊ पडलेला वर्तमानपत्राचा तुकडा.

"रंग मुद्दामच काढला आहे," मी म्हणालो. "मूळ फोटो रंगीत होता. त्यावरून हा कृष्णधवल केला."

"कोणं केला?"

"फोटो चेंडके साहेबांनी काढला. रंग मी काढला."

त्याने माझ्या हातांकडे पाहिले, जणू रंग तिथे लागलेला असावा. मग चौकटीखालच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथं तारीख लिवली हाय म्हंते. गुरुजीनं पेपरात वाचून दाखवली. बारा एप्रिल. खरी हाय का?"

"खरी आहे. मीच लिहिली."

तारीख लिहिणे ही माझी सवय होती. मुद्रण तंत्रज्ञानाच्या पदविकेला असताना आमच्या प्राध्यापकांनी ती लावली होती. नोंद नसलेले चित्र म्हणजे नुसता डाग, असे ते म्हणत. मधुसूदन चेंडके स्लाइडच्या, म्हणजे रंगीत पारदर्शक फिल्मच्या, पुठ्ठ्याच्या चौकटीवर पेन्सिलीने तारीख आणि वेळ टाकीत असे. मी ती तशीच खालच्या पुठ्ठ्यावर उतरवली होती: १२ एप्रिल, सकाळी ७ वाजून १० मिनिटे. स्थानिक वर्तमानपत्राने छायाचित्र छापले ते या ओळीसकट.

"म्या दसरू मडावी," तो म्हणाला. "कोलारमेटचा. त्याच दिवशी माही पोरगी गेली जी."

मी त्याला बाकावर बसायला सांगितले. तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळे सांगितले, फार सावकाश, अर्ज वाचून दाखवावा तसे. मुलीचे नाव मैना. मोहाच्या दिवसांत माहेरी आली होती, सोबत चार वर्षांची पोर. पाडव्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, उजाडण्यापूर्वी बायांबरोबर मोह वेचायला गेली. बाकीच्या परतल्या, ती परतली नाही. झाडाखाली तिची टोपली सापडली.

"भरून होती टोपली. काठोकाठ." त्याने दोन्ही हातांनी काठ दाखवला. "अन् जावई म्हंते, बांबू डेपोच्या टरकवाल्यासंग पळाली. टरकवालाबी त्याच हप्त्यात काम सोडून गेला ना. पंचाईनंबी मानलं. तुमी सांगा सायेब, टोपली भरून कोणी पळते का? पळणारी रिकामी टोपली टाकून जाईन."

"वाघाचा संशय..."

"मलेच हाय. बाकी कोणाले नाही. वाघानं नेलं असन तं आमच्यात त्या जागेवर गोटा मांडतेत. मंग ती आमची रायते. तिच्या पोरीले कोणी बोलत नाही. पण जागा पायजे, हातात काई तरी पायजे. चिंधी, बांगडी, काईबी." तो पुन्हा चित्राकडे वळला. "त्या दिशी तुमच्या सायबाची जीप आंबेनाल्याकडून आली. गुराख्यानं पायली. म्या त्याहिले इचारलं. म्हंतेत, वाघीण पायली, बाई नाही पायली. म्हून म्या इथं आलो. तुमाले काई दिसलं का याच्यात? तांबडं? तांबडं लुगडं होतं तिचं."

मी चित्राकडे पाहिले. ते मी स्वतः छापले होते आणि त्याचा मला अभिमान होता. वाळलेल्या गवतात उभी असलेली वाघीण, अंग जवळजवळ पांढरे, त्यावर शाईने ओढावेत तसे पट्टे, मागे बांबूचा काळोख. खालचे गवत चांदीच्या तारांसारखे. त्यात दुसरे काहीही नव्हते.

"नाही," मी म्हणालो. "काही दिसत नाही."

"याच्यात तांबडं असतं तं कसं दिसलं असतं?"

छापखान्यातल्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणत्याही शिकाऊ उमेदवाराने विचारला नव्हता. उत्तर मला पाठ होते. तरीही मी म्हणालो, "उद्या सांगतो. नोंदवही पाहावी लागेल."

"पाहा जी," तो म्हणाला. "म्या रायतो. पुतण्या इथंच सायकलच्या दुकानात हाय."

घरामागच्या न्हाणीघराची मी डार्करूम केली होती. तिथल्या फळीवर माझ्या नोंदवह्या क्रमाने लावलेल्या असत. मी पंखा लावला, घाम पुसला आणि त्या वर्षीची वही उघडली.

एप्रिलच्या अखेरीस मधुसूदन ही स्लाइड घेऊन आला होता. एरवी तो डझनभर स्लाइडी टेबलावर ओतून "तुला काय वाटतं ते कर" म्हणत चहा मागायचा. त्या दिवशी त्याने एकच आणली होती.

"रंग नको," तो म्हणाला होता. "वाघीण पेटली पाहिजे, बाकी सगळं विझलं पाहिजे."

"रंगात वाईट आहे का?"

"रंगात कॅलेंडर वाटते. किराणा दुकानातलं. तांबड्या काचेतून कर."

मला त्याचे नवल वाटले होते, आणि थोडे कौतुकही. वीस वर्षे माझ्याबरोबर राहून या औषधविक्याला अखेर काचांमधला फरक कळू लागला, असे मी मनाशी म्हटले होते. रंगीत चित्रावरून कृष्णधवल निगेटिव्ह करताना भिंगापुढे रंगीत काच धरतात. ज्या रंगाची काच, तो रंग छापील प्रतीत उजळतो. विरुद्ध रंग काळवंडतो. वाघाचे अंग नारिंगी असल्यामुळे तांबड्या काचेतून ते पांढरे होते आणि पट्टे उठून दिसतात. मधुसूदनची मागणी तांत्रिकदृष्ट्या अचूक होती.

पण मी कधीही एकाच काचेवर थांबत नसे. गिऱ्हाइकाने काहीही सांगितले तरी तीन निगेटिव्ह करायच्या, एक काचेविना, एक हिरव्या काचेतून, एक तांबड्या काचेतून, आणि तिन्ही एका पाकिटात क्रमांक घालून ठेवायच्या, ही माझी रीत होती. मधुसूदन तिची थट्टा करी. "श्रीनिवास कोतपल्लीवारला वरण केलंस का विचारा," तो मित्रांना सांगे, "म्हणेल, तीन केली, चाखून ठरवतो."

नोंद सापडली. क्रमांक ११२. खाली माझ्याच अक्षरात, बारीक: 'डावीकडे तळाशी गवतात लाल. पळसाची फुले?'

मी पाकीट उघडले. तांबड्या काचेची निगेटिव्ह मला ठाऊकच होती. काचेविना घेतलेलीत त्या जागी राखाडी सावलीसारखे काहीतरी होते, दुर्लक्ष करावे इतके पुसट. हिरव्या काचेची निगेटिव्ह मी एन्लार्जरमध्ये घातली आणि मोठा कागद लावला. कागद रसायनात बुडवून चिमट्याने हलवीत राहिलो. प्रथम बांबू आले, मग वाघीण आली, ओंगळ, काळवंडलेली, पट्टे अंगात मिसळलेले. मग डावीकडच्या फिकट गवतात एक काळा आकार वर आला. लांबट होता. एका टोकाशी त्याला दुमड होती, कापडाला असते तशी, आणि एक पदर गवताच्या ताटावर अडकून वर उचललेला होता. वाघिणीचे तोंड त्याच बाजूला होते.

फुलांना घडी पडत नाही. शिवाय त्या तारखेला पळस कुठला? शिमग्यालाच तो झडू लागतो. आयुष्यभर या जिल्ह्यात राहिलेल्या माणसाने एप्रिलच्या मध्यावर जमिनीवरल्या लाल रंगाला पळस म्हणावे आणि पुढे प्रश्नचिन्ह घालून समाधान मानावे! दोन महिने ते प्रश्नचिन्ह वहीत पडून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती प्रत घेऊन मधुसूदनच्या घरी गेलो. तो ओसरीवर बसून लेन्स पुसत होता. मी प्रत त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने पाहिली, लेन्सला टोपण लावले आणि लेन्स बाजूला ठेवली. मला वाटले होते तो विचारेल, हे काय आहे. त्याने विचारले नाही.

"हिरवी काच," तो म्हणाला. "मी तुला तांबडी सांगितली होती."

"तू पाहिलं होतंस."

"तिथं नाही पाहिलं. देवाशपथ. वाघीण समोर वीस मीटरवर, माणूस दुसरं काय बघणार? घरी आलो, स्लाइड धुऊन आली, भिंतीवर टाकली. चार फुटांची वाघीण आणि हातभर लुगडं. सुमन म्हणाली, हे काय हो तांबडं? मी म्हटलं, पळस."

"मीही तेच लिहिलं."

"मग झालं तर."

"झालं नाही, मधू. दसरू मडावी तुझ्याकडे आला होता. तू त्याला सांगितलंस बाई नाही पाहिली."

"बाई नाहीच पाहिली. कापड पाहिलं." तो उठला, ओसरीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. "तुला काय वाटतं, मी झोपलो का तेव्हापासून? पण ऐक. ती बाई गेलेली होती. मी स्लाइड घेऊन गेलो असतो तर आठ दिवसांत वाघीण नरभक्षक ठरली असती आणि तिला गोळी घातली असती. तीन पिल्लं आहेत तिला, मांजराएवढी. चार जीव गेले असते, आणि बाई काही परत आली नसती. हिशेब तूच कर, तुला फार आवडतो."

"तिला एक मुलगी आहे. चार वर्षांची. लोक तिच्या आईला पळपुटी म्हणतात."

"म्हणू देत. पळून गेलेल्या आया काय कमी आहेत? पोर जगेल."

"स्लाइड कुठे आहे?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"जाळली. ज्या दिवशी तू प्रत दिलीस त्याच दिवशी. प्रत एवढी स्वच्छ आली होती की मलाच वाटलं, तिथं कधी काही नव्हतंच." तो माझ्याकडे पाहून किंचित हसला, पण ते हसू टिकले नाही. "तुझं काम चोख असतं रे. तोच तर घोळ आहे."

आतून सुमनवहिनींनी विचारले, भाऊजी चहा घेणार का. मी नको म्हणालो. वीस वर्षांत मी त्या घरी चहाला पहिल्यांदाच नाही म्हटले.

"जागा सांग," मी म्हणालो.

"आंबेनाल्याचं दुसरं वळण. अर्जुनाचं मोठं झाड आहे, त्याच्या खाली." मग जरा थांबून म्हणाला, "पण वनखात्याच्या ऑफिसात मी येणार नाही. तू माझं नाव घेतलंस तर मी म्हणेन, पळस होता. आणि तुझ्या वहीतही पळसच आहे."

दसरूला मी त्याच दुपारी गाठले. प्रत त्याला लगेच दाखवली नाही. आधी जागा सांगितली. त्याने मान हलवली.

"त्या वळणाले म्या चार डाव गेलो जी. पण मे म्हैन्यात. अन् मे म्हैन्याच्या पयलेच तिथं वणवा आला होता. राख होती घोटाभर."

"तरी आपण वनाधिकाऱ्यांना दाखवू. त्यांच्या कागदावर आलं तर पंचांनाही मानावं लागेल."

सोमवारी आम्ही वनपरिक्षेत्र कार्यालयात गेलो. अधिकारी भोयर नावाचे तरुण गृहस्थ होते, नम्र, नुकतेच रुजू झालेले. त्यांनी खुर्ची दिली, दसरूलाही दिली. मी प्रत टेबलावर ठेवून सर्व हकीकत सांगितली, मात्र स्लाइड कोणी आणि का जाळली एवढे सांगितले नाही. 'मूळ स्लाइड नष्ट झाली' असे म्हटले. मित्राचे नाव जिभेवर आले होते. ते मी गिळले. हेही नोंदवून ठेवतो.

भोयरांनी प्रत उजेडाकडे धरली. मग कपाटातून फाइल काढून दसरूने आधी दिलेला अर्ज वाचला.

"यात लुगड्याचा रंग लाल लिहिला आहे."

"होय जी, तांबडं," दसरू म्हणाला.

"आणि हे काळं आहे."

तेव्हा दसरूने पहिल्यांदा प्रत हातात घेतली. त्याने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. काळ्या आकारावरून बोट फिरवले. मग ती टेबलावर ठेवून माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे माह्या पोरीचं नव्हे जी. तिनं काळं कधी नेसलंच नाही."

मी हिरवी काच बरोबर आणली होती. टेबलावर फाइल बांधायची लाल फीत पडली होती. मी काच दसरूच्या डोळ्यापुढे धरली. "या फितीकडे पाहा. कशी दिसते?"

तो पाहत राहिला. काच बाजूला करून पाहिले, पुन्हा धरून पाहिले.

"काळी."

"हिरव्या काचेतून लाल काळं दिसतं. हे चित्र त्या काचेतून घेतलंय. म्हणून जे लाल होतं तेच इथे काळं आलंय. आणि जे प्रदर्शनात तुम्ही पाहिलं ते तांबड्या काचेतून. त्यात लाल पांढरं होतं, गवतात मिसळून जातं."

भोयरांनीही काच घेऊन फितीकडे पाहिले. ते विज्ञानाचे पदवीधर होते. त्यांना सांगण्याची गरज नव्हती.

"मला पटलं, सर," ते म्हणाले. "पण वर काय लिहू? काळी सावली, काळा दगड, जळका ओंडका, काहीही म्हणतील. मूळ स्लाइड आणा, मी आज पंचनामा लिहितो. फोटो काढणाऱ्याचा जबाब आणा, तरी चालेल."

"ते येणार नाहीत."

"मग तुमची नोंदवही द्या. त्यावर तारखेसह सही आहे ना?"

मी वही आणली होती. माझी पद्धत, माझा पुरावा. भोयरांनी पान वाचले आणि वही माझ्याकडे वळवून ओळीवर पेन टेकवले. पळसाची फुले.

"हे तुमचंच अक्षर आहे, सर?"

"माझंच."

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा." त्यांचा स्वर खरोखरच दुःखी होता. "एप्रिलमध्ये पाहणाऱ्या तज्ज्ञाने फुले म्हटलं. जूनमध्ये तोच म्हणतो लुगडं. वरचे साहेब पहिल्या दिवशीची नोंद धरतील."

त्यांनी फाइल मिटली. लाल फीत बांधली. दसरू त्या फितीकडे पाहत होता.

दसरूच्या बसला दोन तास अवकाश होता. मी त्याला घरी घेऊन आलो. अंगणातल्या कडुनिंबाखाली खाट होती, तिच्यावर तो बसला. पत्नीने भाकर, वरण आणि कांदा वाढला. त्याने खाल्ले, ताट स्वतः घासून उपडे ठेवले. मी चंद्रपुरातल्या वकिलांची नावे मनात घेत होतो. कोणाचा तरी मेहुणा मुख्य वनसंरक्षकांकडे होता, तेही आठवत होतो.

"आपण थांबायचं नाही," मी म्हणालो. "मी नागपूरला जाईन. चेंडकेला मी बोलता करीन."

"राहू द्या जी."

"का? तुम्हाला आता खात्री पटली आहे. मला पटली आहे. त्या अधिकाऱ्यालाही."

"म्हून तं म्हंतो राहू द्या." त्याने पंच्याने तोंड पुसले. "तुमाले एक सांगतो. गावात म्या सगळ्याइसंग भांडलो. जावयाची कालर धरली. पंचाईपुढं बोललो, माही पोरगी पळणारी नव्हे, वाघानं नेली, म्हनाल तिथं शपथ घेतो. अन् घरी येऊन रोज राती बुढी, मैनाची माय, इचारे, काय जी, खरंच वाघानं नेली असन का? म्या म्हनो, चूप, मले नाई माईत. अन् मनात म्हनो, देवा, टरकवाल्यासंगच गेली असन तं बरं. त्याच्या घरी भाकरी थापत असन. मारत असन तरी चालते. आता दोन म्हैने त्या एका गोष्टीवर म्या जेवत होतो."

कडुनिंबाची निंबोळी खाटेवर पडली. त्याने ती उचलून बाजूला टाकली.

"तुमी ते काळं दाखवलं," तो म्हणाला, "अन् काचबी दाखवली. आता गावाच्या लेखी ती पळाली. सरकारच्या लेखी पळाली. फक्त माह्यासाठी मेली. एकट्या माह्यासाठी. हे काय केलं जी तुमी?"

मी त्याचे उपडे ताट उचलून आत ठेवून आलो.

थोड्या वेळाने तो उठला. मला वाटले निघाला. पण त्याने विचारले, "ते पांढरं वालं हाय का तुमच्यापाशी? परदर्शनात होतं तसलं?"

"निगेटिव्ह आहे. छापावं लागेल. कशाला?"

"बुढीले दाखवाले. तिले माईत हाय म्या कशाले आलो. ती दारात उभी रायीन. हे काळं म्या घरी नाई नेऊ शकत." त्याने हात पुढे केला नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिला. "ते नेतो. तिले म्हनीन, पाहा, वाघीण हाय, गवत हाय, काईच नाही. जाऊन आलो, पाहून आलो. मंग ती जेवीन."

मी डार्करूममध्ये गेलो. पंखा बंद केला, कारण त्याच्या धुळीचे ठिपके कागदावर बसतात. पाकीट क्रमांक ११२ मधून तांबड्या काचेची निगेटिव्ह काढली. पहिली प्रत किंचित गडद आली. डावीकडच्या गवतात, माहीत असणाऱ्याला जाणवेल अशी एक मळकट छटा राहिली होती. ती मी टाकून दिली. दुसऱ्या कागदाला वेळ बदलून दिला, आणि त्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा हलवीत प्रकाश अडवला, जेणेकरून तेवढा भाग आणखी उजळावा. तिसरी प्रत मला हवी तशी आली. ती पाण्यात धुतली, टिपकागदात दाबली, कडा सरळ कापल्या. पंचवीस वर्षांत मी इतक्या काळजीने काही छापले नव्हते.

बाहेर दसरू पायऱ्यांवर बसला होता. मी प्रत दिली. त्याने ती मांडीवर ठेवली आणि डावीकडे तळाशी गवतावर बोट टेकवले, नेमके त्याच जागी, एक गवताचे ताटही इकडे तिकडे नाही.

"याच्यात दिसत नाही ना जी? कोणालेबी?"

"नाही," मी म्हणालो. "कोणालाही नाही."

त्याने बोट उचलले नाही. बसचा भोंगा ऐकू आला तेव्हाच त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पंच्याखाली, छातीशी धरून तो रस्त्याकडे चालू लागला.